'नंतर' या शब्दाची चूक

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवर चर्चा होती. बोलता बोलता पेगी कूपर कॅफ्रिट्झ यांचं नाव निघालं आणि वक्त्यांनी एका वाक्यात त्यांची ओळख करून दिली: विद्यार्थिदशेत वर्णभेदाविरुद्ध लढल्या, नंतर कलेच्या मोठ्या आश्रयदात्या झाल्या. त्या एका वाक्यावरून तासभर वाद झाला. एका गटाला त्यात चळवळींची नेहमीची शोकांतिका दिसली. तरुणपणी मोर्चे काढायचे आणि हातात पैसा आला की भिंतीवर चित्रं टांगायची. दुसरा गट म्हणाला, पैसा त्यांचा, चित्रं त्यांची, शिवाय ती अखेर दानही केली, मग तक्रार कसली? पहिल्यांनी त्यांच्या निष्ठेची परीक्षा घेतली, दुसऱ्यांनी औदार्याचं कौतुक केलं. या बाईंनी नेमकं काय उभं केलं, केव्हा केलं, ते आज कुणाच्या मालकीचं आहे आणि कुणाच्या पैशावर चालतं, हे मात्र तासाभरात कुणीही विचारलं नाही. मला हा वाद अस्वस्थ करून गेला, कारण आपल्याकडेही तो असाच, याच दोन सुरांत चालतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'आधी चळवळ, नंतर कला' हा क्रम पेगी कूपर यांच्या आयुष्याला लागूच पडत नाही. कलेचं काम ही त्यांच्या लढ्याचीच एक आघाडी होती आणि ती मोठी संपत्ती हाताशी येण्याच्या कितीतरी आधी उघडली गेली होती. दुसरं असं, की कलेला दिलेल्या पैशाचं मोल देणाऱ्याच्या मनात शिरून ठरवता येत नाही. देणाऱ्याच्या हातून सुटून ती गोष्ट लोकांच्या हक्काची झाली का, एवढंच पाहावं. या कसोटीला कूपर बऱ्याच अंशी उतरतात. जिथे उतरत नाहीत, तेही सांगणार आहे.

१९४७ साली अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात त्यांचा जन्म झाला. घर कॅथलिक, शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी. वडिलांचा अंत्यविधीचा व्यवसाय होता. वर्णभेदाच्या दक्षिणेत काळ्या माणसाला स्वतःच्या बळावर जे मोजके धंदे करता येत, त्यांतला हा एक; मेल्यावरसुद्धा गोऱ्या-काळ्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. म्हणजे घरात पैसा होता, पण बाहेर दारं बंद होती, आणि पैशाने सगळी दारं उघडत नाहीत हा धडा या मुलीला लहानपणीच मिळाला. शिक्षणासाठी तिला दूर इंडियाना राज्यातल्या कॅथलिक शाळेत जावं लागलं. जून १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात स्वतः उभे राहिले, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला. त्या दोघांतली व्हिव्हियन मलोन मोबीलचीच. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. पेगी तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी त्या राजधानीत, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाल्या.

या विद्यापीठाचा एक जुना प्रसंग इथे सांगायलाच हवा. ऑक्टोबर १९४६ मध्ये, पेगी यांच्या जन्माच्या काही महिने आधी, विद्यापीठाच्या नव्या लिस्नर सभागृहात नाटक पाहायला आलेल्या कृष्णवर्णीयांना आत घेतलं गेलं नव्हतं. नाटकात प्रमुख भूमिका करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमन यांनी याबद्दल जाहीरपणे नापसंती व्यक्त केली, बाहेर निदर्शनं झाली आणि काही काळाने विद्यापीठाला धोरण बदलावं लागलं. तर नाटकाची खुर्ची हा तिथे आधीपासूनच नागरी हक्काचा प्रश्न होता. पेगी तिथे आल्या तेव्हा वर्गाचं दार उघडलं होतं, पण विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, म्हणजे मुलांचे आणि मुलींचे क्लब, जिथे ओळखी होतात, पुढच्या नोकऱ्या ठरतात, माणूस 'आपला' होतो, त्या जागा गोऱ्यांच्याच होत्या. त्याविरुद्धच्या मोहिमेत त्या पुढे होत्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना बांधण्यातही.

मग आलं १९६८. एप्रिलच्या ४ तारखेला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटलं. चौदावा रस्ता, सातवा रस्ता, एच स्ट्रीट. कृष्णवर्णीयांची दुकानं, घरं, करमणुकीच्या जागा जिथे होत्या तेच भाग जळाले. सैन्य रस्त्यावर आलं. हजाराहून अधिक इमारतींचं नुकसान झालं आणि काही भाग पुढे दोन-तीन दशकं तसेच पडून राहिले. त्याच वर्षी, पदवी हातात पडते न पडते तोच, पेगी कूपर आणि नृत्यदिग्दर्शक माइक मलोन यांनी शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी एक कार्यशाळा सुरू केली: 'वर्कशॉप्स फॉर करिअर्स इन द आर्ट्स'. त्या वेळी त्यांचं वय २१. कायद्याचं शिक्षण अजून पूर्ण व्हायचं होतं, ते १९७१ मध्ये झालं. कॅफ्रिट्झ हे आडनाव लागायला आणखी दहाबारा वर्षं होती. वॉशिंग्टनमधल्या बांधकाम व्यवसायातल्या बड्या घराण्यातल्या कॉनरॅड कॅफ्रिट्झ यांच्याशी त्यांचं लग्न १९८१ मध्ये झालं. पण कार्यशाळेतून वाढलेली ड्यूक एलिंग्टन कलाशाळा १९७४ मध्येच सुरू झालेली होती.

तारखा इतक्या बारकाईने मांडतो आहे, कारण सगळा वाद त्यांवरच कोसळतो. पैसा आला आणि मग कला सुचली, असं झालंच नाही. ज्या मुलीने क्लबांच्या दारावर धडक मारली, त्याच मुलीने त्याच सुमारास नाचगाण्याचे वर्ग काढले. मग यातलं 'आधी' कुठलं आणि 'नंतर' कुठलं? आणि ज्यांना या गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्याशा वाटतात, त्यांनी त्या वर्गाच्या नावातला 'करिअर्स' हा शब्द पाहावा. शहर जळालेलं, मुलांना काम नाही, आणि या दोघांनी छंदवर्ग काढला नाही. नृत्य, नाटक, गायन, चित्रकला हा तुमचा पेशा होऊ शकतो, त्यावर तुमचं पोट भरू शकतं आणि तिथे शिरायला जे शिक्षण लागतं ते तुमच्यापासून अडवून ठेवलेलं आहे, असं ते मुलांना सांगत होते. रोजगाराची मागणी आणि कलेची मागणी इथे एकच आहे.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे आणि तो मी हलका करणार नाही. लोकांना घर नाही, दवाखाना नाही, शाळेत पाणी नाही. अशा वेळी कलेवर खर्च झालेला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी ताटातून उचललेला असतो. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. निवड खरोखरच एक औषध आणि एक चित्र यांच्यात असेल तर औषधच घ्यावं. पण ही निवड अशी समोरासमोर किती वेळा येते? आणि मुख्य म्हणजे ती कुणासमोर येते? श्रीमंताच्या मुलाला पियानो शिकवताना 'आधी देशातली भूक मिटू दे' असं कुणी म्हणत नाही. हा क्रम फक्त गरिबाच्या मुलाला लावला जातो. आधी भाकरी, मग घर, मग नोकरी, आणि गाणं अगदी शेवटी, म्हणजे त्याच्या आयुष्यात कधीच नाही. अन्याय नुसत्या भाकरीच्या वाटपात नसतो. कुणाच्या वाट्याला फक्त भाकरी येईल, हेही कुणीतरी ठरवत असतं.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीत हा प्रश्न नवा नव्हता. १९२६ साली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शिकागो अधिवेशनात विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी तो स्वतःच उभा केला होता: लढाऊ संघटनेने कलेवर का बोलत बसावं? त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं, की सौंदर्य हा आपल्या हक्काचाच भाग आहे आणि आपलं चित्र कोण रंगवणार, हे दुसऱ्यांवर सोपवून आपल्याला माणूस म्हणून मान मिळणार नाही. याच ड्यूबॉइसना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. दोन्ही चळवळी एकमेकींकडे पाहत होत्या. आणि आपल्याकडे सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे यांनी काय केलं? ज्यांना अक्षर शिकूच दिलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत विचार गाण्यातून नेला. जलसा ही चळवळीनंतरची करमणूक होती असं म्हणायला कोण धजेल?

वॉशिंग्टनचंच उदाहरण घ्या, कारण ते थेट या शहराचं आणि थेट शाळेचं आहे. १९३९ मध्ये गायिका मरियन अँडरसन यांचा कार्यक्रम राजधानीत ठरवायचा होता. युरोप गाजवून आलेली गायिका, पण कृष्णवर्णीय म्हणून कॉन्स्टिट्यूशन हॉल हे तिथलं मोठं सभागृह त्यांना नाकारण्यात आलं. तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. कमी लोकांना आठवतं ते हे, की पर्याय म्हणून सेंट्रल हायस्कूलचं सभागृह मागितलं गेलं होतं आणि शहराच्या शिक्षण मंडळानेही आडकाठी केली, कारण ती शाळा गोऱ्यांची होती. अखेर ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या गायल्या आणि समोर सुमारे ७५ हजार माणसं उभी होती. चोवीस वर्षांनी किंग त्याच पायऱ्यांवर बोलले. त्या जागेला हक्कांच्या सभेचा अर्थ आधी एका गाण्याने दिला. आता एवढं लक्षात घ्या: ज्या शहराच्या शिक्षण मंडळाला एका कृष्णवर्णीय गायिकेला शाळेचं सभागृह द्यायला जड गेलं, त्याच शहरात पस्तीस वर्षांनी एका कृष्णवर्णीय वकील मुलीने सरकारी कलाशाळा उघडवली आणि २००० साली तीच त्या शहराच्या शिक्षण मंडळाची अध्यक्ष झाली. हा चळवळीचा त्याग असेल तर चळवळ म्हणजे काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

शाळेची जागाही बोलकी आहे. वेस्टर्न हायस्कूलची ही जुनी इमारत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात. १९५४ पर्यंत ती फक्त गोऱ्या मुलांची शाळा होती. जॉर्जटाऊनमध्ये एकेकाळी कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. घरांच्या किमती चढत गेल्या तशी ती पांगली. त्या श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या झालेल्या भागात शहराच्या दुसऱ्या टोकांवरून मुलं व्हायोलिनच्या पेट्या घेऊन येऊ लागली. शाळेला नाव दिलं जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं. ते याच शहरात १८९९ साली जन्मलेले आणि शाळा सुरू झाली त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये वारले. मुलं दिवसाचा एक भाग गणित, इंग्रजी, विज्ञान शिकतात आणि दुसरा भाग आपापली कला, म्हणून त्यांचा दिवस इतर शाळांपेक्षा लांब असतो. या शाळेतून गायिका डेनिस ग्रेव्ह्ज बाहेर पडल्या आणि १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'कार्मेन' म्हणून उभ्या राहिल्या. त्याच रंगमंचावर १९५५ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय गायकाला एकल भूमिका मिळाली नव्हती. पहिली मिळाली मरियन अँडरसन यांना. विनोदवीर डेव्ह शपेल याच शाळेचे. पण मोठी नावं मोजून शाळा सिद्ध होत नाही, म्हणून मी ती यादी लांबवत नाही. ही सरकारी शाळा आहे आणि शहरातल्या मुलाला तिथे शिकायला शुल्क पडत नाही, हे माझ्या लेखी नावांपेक्षा मोठं आहे.

आता पैशाकडे येतो, कारण खरा काटा तिथे आहे. कूपर यांचा गाजलेला चित्रसंग्रह सुस्थितीतल्या आयुष्यातून आणि श्रीमंत घरातल्या लग्नातून शक्य झाला. ती संपत्ती जमीन आणि इमारती यांतून आलेली होती, आणि याच शहरात १९७० साली दहांतले सात जण कृष्णवर्णीय होते, तर २०११ च्या सुमारास त्यांचं प्रमाण निम्म्याखाली आलं. घरं महागत गेली, माणसं बाहेर ढकलली गेली. एका माणसावर किंवा एका घराण्यावर हा दोष टाकणं अन्यायाचं होईल. पण ज्या व्यवस्थेतून पैसा येतो, तीच व्यवस्था ज्यांच्यासाठी दान करायचं त्यांना बेघर करत असते, हे नाकारता येत नाही. दानाने हा हिशेब पुरा होतो असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या धंद्यातून आलेल्या सॅकलर घराण्याच्या देणग्या दशकानुदशकं संग्रहालयांच्या भिंतींवर नावं कोरत राहिल्या, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते नाव दालनांवरून उतरवायला डिसेंबर २०२१ उजाडलं. कलेला दिलेला पैसा नाव धुऊन देतो, ही शंका रास्त आहे.

आश्रयाची दुसरी खोट याहून जुनी आहे. १९२७ साली शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत गोऱ्या बाईंनी लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्याशी करार केला. दरमहा २०० डॉलर मिळणार. मोबदल्यात हर्स्टन दक्षिणेत फिरून ज्या लोककथा, जी गाणी गोळा करतील, त्यांवर मालकी मेसनबाईंची. आपल्याच लोकांच्या कथा छापण्याआधी लेखिकेने दुसऱ्याची परवानगी घ्यायची! कवी लँगस्टन ह्यूज यांनाही त्यांचाच आश्रय होता. १९३० मध्ये तो तुटला आणि ह्यूज यांना ती जखम दीर्घकाळ पुरली. आपल्याला याहून जवळचं उदाहरण हवं तर बडोद्याचं आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी शेजारी. महाराजांच्या उदार दृष्टीबद्दल वाद नाही. पण करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. राजाच्या आश्रयाने अमेरिकेचं दार उघडलं आणि त्याच राजाच्या शहरातलं एक साधं दार बंदच राहिलं. मेहेरबानी कितीही मोठी असली तरी ती हक्काची जागा घेऊ शकत नाही. आश्रयाविरुद्ध याहून मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि तो माझ्याच बाजूच्या विरोधात जातो हे कबूल करूनच मी पुढे जातो.

पुढे जाता येतं, कारण देण्याचे प्रकार असतात. ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याने १९१२ नंतरच्या दोन दशकांत दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभारायला मदत केली. त्यांची अट अशी होती, की स्थानिक लोकांनीही हातभार लावायचा, सरकारनेही लावायचा आणि तयार शाळा सरकारी व्यवस्थेचा भाग व्हायची. त्यांचा निधीही कायमचा ठेवायचा नव्हता. तो सगळा खर्च करून १९४८ मध्ये बंद झाला. बंद होण्यापूर्वी त्याच निधीतून चित्रकार जेकब लॉरेन्स, मरियन अँडरसन, लँगस्टन ह्यूज अशांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. म्हणजे शाळेची भिंत आणि कलावंताचं वर्षभराचं भाडं या दोन गोष्टी त्या निधीने एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या नाहीत. मेसन आणि रोझेनवाल्ड दोघेही श्रीमंत, दोघेही 'कलेचे आश्रयदाते'. एकीने मालकी स्वतःकडे ठेवली, दुसऱ्याने ती सोडून दिली. मग या दोघांना एकाच शब्दात कोंबून आपण नेमकं काय समजून घेतो?

पेगी कूपर या दुसऱ्या वाटेच्या. त्यांना स्वतःच्या नावाची खासगी अकादमी काढणं सोपं गेलं असतं. तिथे कुणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवलं असतं, त्यांच्यानंतर कुटुंबाने ठरवलं असतं. त्याऐवजी त्यांनी शहराच्या शिक्षण खात्याशी वर्षानुवर्षं भांडण पत्करलं. सरकारी शाळा म्हणजे दर अंदाजपत्रकात गळा धरला जाणार, दर नव्या अधिकाऱ्याला पुन्हा समजावावं लागणार. देणग्या जमवून शाळेला जोड देणारी यंत्रणाही उभी राहिली, पण पाया सार्वजनिकच ठेवला. २००० ते २००६ या काळातली त्यांची शिक्षण मंडळाची अध्यक्षता वादळी ठरली. बोलण्यात फटकळ, समोरच्याला न जुमानणाऱ्या अशी टीका झाली. शहराच्या शाळांची अवस्था त्या काळात सुधारली असा दावा मी करणार नाही. २००७ मध्ये तर नव्या महापौरांनी शाळांचा कारभारच मंडळाकडून काढून घेतला. तरी ज्या बाईला घरी बसून चित्रं पाहता आली असती, तिने नादुरुस्त शाळांच्या बैठकांत सहा वर्षं घालवली, यातून तिची नजर कुठे लागलेली होती ते कळतं.

आता ती चित्रं. त्यांचा संग्रह बहुतांशी कृष्णवर्णीय आणि आफ्रिकी कलावंतांचा होता आणि त्यात तरुण, अजून नाव न झालेल्यांना मोठी जागा होती. हे कलावंत तेव्हा बड्या संग्रहालयांच्या भिंतींवर जवळजवळ नव्हतेच. विकत घेणारा नसेल तर चित्रकार चित्रकार राहत नाही, दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतो, आणि चाळीस वर्षांनी इतिहासकार म्हणतो की त्या काळात या समाजातून फारसं काही घडलं नाही. संग्राहक ही अशी पोकळी पडू न देणारी माणसं असतात. स्वस्तात घेऊन महागात विकणारे संग्राहकही असतात, खूप असतात. जुलै २००९ मध्ये वॉशिंग्टनमधलं त्यांचं घर आगीत जळालं आणि तीनशेहून अधिक कलाकृती एका रात्रीत गेल्या. वय बासष्ट. तिथे थांबल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तरुणांचं काम घेत सुटल्या, आणि १८ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या गेल्या तेव्हा नवा संग्रह पहिल्यापेक्षा मोठा होता. चारशेहून अधिक कलाकृती हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमला गेल्या. ही संस्थाही १९६८ चीच. आणि सुमारे अडीचशे कलाकृती गेल्या ड्यूक एलिंग्टन शाळेला.

या शेवटच्या निर्णयापाशी मी थांबतो, कारण तो मला फार शहाणपणाचा वाटतो. अडीचशे मौल्यवान कलाकृती एका हायस्कूलला का द्यायच्या? तिथे काय व्यवस्था असणार? पण या शाळेत संग्रहालयशास्त्र हा शिकवला जाणारा विषय आहे. कलाकृतीची नोंद कशी करायची, ती उचलायची कशी, प्रकाश किती द्यायचा, शेजारी काय लावायचं, भिंतीवरच्या पट्टीवर काय लिहायचं, हे तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुलं शिकतात. चित्रकार कृष्णवर्णीय असला तरी त्याचं चित्र निवडणारा, त्यावर लिहिणारा, त्याची किंमत ठरवणारा बहुधा दुसराच असतो. तेव्हा त्या खुर्चीवर बसणारी माणसं घडवणं हीच पुढची लढाई आहे. चित्रं नुसती शाळेत टांगली गेली असती तर ती शोभा झाली असती. ती ज्यांच्या हाती सोपवली, त्यांना ती हाताळायचा पेशा शिकवला जातो आहे.

अभ्यासमंडळातल्या एका तरुण मित्राचा एक मुद्दा उरतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. या शाळेत प्रवेश ऑडिशन देऊन मिळतो. चौदाव्या वर्षी ऑडिशनला उभं राहायचं तर त्याआधी कुणीतरी तुम्हाला काहीतरी शिकवलेलं असावं लागतं. ज्याच्या घरी वाद्य नाही, ज्याच्या प्राथमिक शाळेत संगीताचा तासच झाला नाही, तो या दारापर्यंत पोचणार कसा? शिवाय शाळेच्या इमारतीचं नूतनीकरण २०१७ मध्ये पुरं झालं तेव्हा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्याही वर गेला होता, आणि शहरातल्या साध्या शाळांच्या पालकांनी त्यावर राग धरला तर तो मत्सर नव्हता. एक उत्तम शाळा उभी राहिली म्हणजे शंभर शाळांमधला कलेचा तास वाचला असं होत नाही. उलट, हुशार मुलं तिकडे गेली की इकडच्या तासासाठी भांडणारं कुणी उरत नाही, हाही धोका आहे.

मी ज्या शाळेत शिकलो, तिथे चित्रकलेचे एक गुरुजी होते. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसवून आमच्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायचे. स्थिरचित्रासाठी घरून तांब्या आणि वांगी आणायचे. ते निवृत्त झाले आणि ती जागा पुन्हा भरली गेली नाही. गावातल्या कुणी त्यासाठी अर्ज केला नाही, मीही केला नाही; वर्गखोलीचं छप्पर गळत होतं आणि आम्ही सगळ्यांनी अर्ज केला तो छपरासाठी. छप्पर झालं. गुरुजींच्या जागेचा विषय तेव्हाही कुणाच्या तोंडी आला नाही, कारण ती नंतर मागायची गोष्ट आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.